व्हॉल्वचा गिटार ॲम्प : वायरिंगची मांडणी आणि कोकणातली दमट हवा

खाडीकाठ (मालवण)

मंडळी, "सर्किट बरोबर आहे, सगळीकडे व्होल्टेज बरोबर येतंय, तरी ॲम्प हमिंग करतो, शिट्टी मारतो" असे प्रश्न इथे वरचेवर येतात आणि उत्तरं दरवेळी सर्किट डायग्राममध्ये शोधली जातात. डायग्राममध्ये वायरला लांबी नसते आणि शेजारीही नसतो. चासीवर (ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्यावर) मात्र प्रत्येक वायर कुणाच्या तरी शेजारून जाते, आणि ३०० व्होल्टच्या सर्किटमध्ये तो शेजारसुद्धा एक पार्ट असतो. म्हणून फक्त मांडणीवर बोलायला हा वेगळा धागा काढतोय.

उदाहरणाला फेंडर कंपनीच्या चॅम्प ॲम्पचं ५एफ१ सर्किट घेऊ. सुरुवात करणारे बहुतेक तेच बांधतात. व्हॉल्व तीनच : सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७ (एकाच काचेत दोन अर्धे), स्पीकर हलवायला एक ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला ५वाय३. पाचेक वॉट आवाज, घरात पुरे होतो. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, १९३८ पासून त्याचं कॅलिफोर्नियात रेडिओचं दुकान होतं. त्याच्या कारखान्यात सर्किट डायग्रामबरोबर लेआउटचंही स्वतंत्र चित्र काढत. कुठला रेझिस्टर कुठे बसतो आणि वायर कुठून कुठे जाते, हे त्यात असतं. ते चित्र डायग्रामइतकंच मन लावून वाचा.

आधी शिट्टीबद्दल, कारण तिचं कारण कळलं की निम्मी मांडणी आपोआप ठरते.

व्हॉल्वच्या ग्रिडवर (सिग्नल आत जायचं टोक) आलेला सिग्नल प्लेटवर (बाहेर पडायचं टोक) मोठा आणि उलटा होऊन निघतो, हा एक टप्पा. एका टप्प्यात एकदा उलटा, दोन टप्प्यांत पुन्हा सुलटा. आता १२एएक्स७ बघा. पहिल्या अर्ध्याची ग्रिड पिन २, दुसऱ्या अर्ध्याची प्लेट पिन ६. मध्ये दोन टप्पे, म्हणजे पिन ६ चा सिग्नल पिन २ च्या सिग्नलशी सुलटा आणि कितीतरी पट मोठा. ह्या दोन वायरी एकमेकींना चिकटून गेल्या की बाहेर जाणारा आवाज आत येणाऱ्या आवाजाला ढकलतो, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसा, आणि ॲम्प स्वतःच गायला लागतो. तोच हिशोब पिन ७ (व्हॉल्यूम पॉटकडून, म्हणजे व्हॉल्यूमच्या बदलत्या रेझिस्टरकडून येणारी ग्रिड) आणि ६व्ही६ ची प्लेट (पिन ३) ह्यांचा. तिथेही मध्ये दोनच टप्पे.

"शेजारून गेली तर असं किती होणार?" हा प्रश्न नेहमी येतो. समांतर गेलेल्या दोन वायरींत १ पिकोफॅरड कपॅसिटन्स सहज जमतो. १० किलोहर्ट्झला १ पिकोफॅरड म्हणजे साधारण १६ मेगओहम. ऐकायला प्रचंड वाटतं. पण ६व्ही६ ची प्लेट जोरात वाजताना दोनशेक व्होल्ट हलते, आणि १ मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट मधोमध असताना पिन ७ ला दिसणारा रेझिस्टन्स अडीच लाख ओहमच्या आसपास असतो. व्हॉल्वचा स्वतःचा इनपुट कपॅसिटन्स धरला तरी व्होल्टच्या घरातला सिग्नल त्या १ पिकोफॅरडमधून परत येतो. त्या ग्रिडला मुळात व्होल्टपेक्षा कमीच हवा असतो. मग शिट्टी येणारच.

ह्यातून मांडणीचा नियम निघतो. एक किंवा तीन टप्प्यांच्या अंतरावरच्या वायरी शेजारी आल्या तर बहुतेक वेळा वरचे सूर थोडे मरतात, दोन टप्प्यांच्या अंतरावरच्या आल्या तर ॲम्प बोंबलतो. तीन टप्प्यांच्या बाबतीतही वरच्या फ्रिक्वेन्सीला फेज सरकते, त्यामुळे तेही अगदी निर्धोक नाही. ग्रिडच्या वायरी आखूड ठेवा, प्लेटच्या वायरी दूर न्या, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

प्रयोग करायचे तर मांडणी हलवता आली पाहिजे. पहिल्याच दिवशी सुंदर चासीत सगळं घट्ट बसवू नका. २ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घ्या, त्यावर सॉकेट आणि टॅग स्ट्रिप (पार्ट सोल्डर करायच्या टोकांची पट्टी) बसवा, वायरी थोड्या जास्त ठेवा. एका वेळी एकच वायर हलवा. हलवण्याआधी आणि नंतर स्पीकरच्या टोकांवर एसी मिलिव्होल्ट मोजा, व्हॉल्यूम शून्यावर आणि पूर्ण, दोन्ही वेळा. वहीत लिहा. कानावर विसंबून मांडणी ठरवली तर दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचं हमिंग किती होतं ते नेमकं आठवत नाही.

जिवाची गोष्ट : ह्या ॲम्पमध्ये ३०० ते ३५० व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. प्रत्येक वेळी प्लग काढा, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. आणि स्पीकर लावल्याशिवाय ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

रेडिओकाका (रत्नागिरी)

खाडीकाठ, टप्पे मोजायची रीत चांगली मांडलीत. आम्ही रेडिओ दुरुस्तीला शिकलो तेव्हा उस्ताद नुसतं सांगायचे, "प्लेटची तार ग्रिडजवळ नेऊ नको." कारण कुणी सांगत नसे.

हमिंगबद्दल माझं थोडं. आधी कुठलं हमिंग आहे ते ओळखा. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झची. जाड, खोल, पोटातून आल्यासारखं असेल तर ते ५० हर्ट्झ, म्हणजे हीटरच्या (व्हॉल्व आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. त्याच्या एक सप्तक वर, जरा करकरीत असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे फिल्टर कपॅसिटर किंवा ग्राउंडची वाट. गिटारवाल्यांना सप्तक ओळखायला अडचण येऊ नये.

मग १२एएक्स७ काढून बघा. हमिंग तसंच राहिलं तर दोष ६व्ही६ च्या बाजूला किंवा पॉवर सप्लायमध्ये, गेलं तर १२एएक्स७ च्या टप्प्यांत. सिंगल एंडेड ॲम्पमध्ये (चॅम्पसारखा, शेवटी एकच पॉवर व्हॉल्व असलेला) थोडं हमिंग राहतंच, पुशपुलमध्ये दोन बाजूंचं एकमेकांत कटतं तसं इथे कटत नाही. त्यामुळे अगदी शून्य करण्याच्या मागे लागू नका.

हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळून न्या. चॅम्पला दोन व्हॉल्वचे मिळून ०.७५ अँपिअर जातात, पिळल्यावर दोघींचं क्षेत्र एकमेकींना मारतं. सॉकेटपर्यंत पीळ सोडायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या हीटरच्या गुंडाळीला सेंटर टॅप (मध्यातून काढलेली वायर) नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून मध्य ग्राउंड करा. आणखी सुधारायचं तर तो मध्य ग्राउंडऐवजी ६व्ही६ च्या कॅथोडला (हीटर ज्याला तापवतो त्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) जोडा, तिथे वीसेक व्होल्ट डीसी मिळतं. हीटर कॅथोडपेक्षा वरच्या व्होल्टेजवर गेला की हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्क्रूने बसवण्याआधी एक करा. त्याच्या सेकंडरीला (स्पीकरकडच्या गुंडाळीला) हेडफोन लावा, पॉवर ट्रान्सफॉर्मरला फक्त मेन द्या, बाकी कशालाही जोडू नका. उघड्या टोकांवर टेप मारा. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर चासीवर सरकवा, फिरवा. एका ठिकाणी हमिंग जवळजवळ नाहीसं होतं. तिथे खूण करा. बहुतेक वेळा दोघांचे कोअर एकमेकांना काटकोनात येतात तेव्हा ती जागा सापडते.

पार्ट थेट एकमेकांना जोडावेत (पॉइंट टू पॉइंट), टरेट बोर्डावर बसवावेत की पीसीबीवर, हा वाद नेहमीचा, आणि पीसीबीला बरेच जण नावं ठेवतात. त्या वादात मी पॉइंट टू पॉइंटवालाच. टॅग स्ट्रिपवर पार्ट सॉकेटच्या कुशीत बसतात, वायर कमीत कमी लागते.

फणसपोळी (मुंबई, गाव देवगड)

काका, टॅग स्ट्रिपवर दुरुस्ती करताना एक रेझिस्टर बदलायला चार काढावे लागतात. टरेट बोर्डावर (खुंट्या ठोकलेल्या पट्टीवर) सगळं समोर दिसतं. आणि पीसीबीला (तांब्याचे ट्रॅक छापलेल्या बोर्डाला) एवढं वाईट का म्हणतात? एकदा मांडणी जमली की दहा ॲम्प केले तरी दहाही तसेच वाजतात. मार्शल कंपनीचा पहिला ॲम्प, जेटीएम४५, १९६२ साली फेंडरच्या बासमन ॲम्पच्या ५एफ६-ए सर्किटवरून हाताने बांधला गेला, म्हणून पीसीबी कमअस्सल ठरत नाही.

खाडीकाठ

फणसपोळी, पीसीबी वाईट नाहीच. चांगल्या पीसीबीमागेही कुणीतरी आधी मांडणीवर मेहनत घेतलेली असते. पण ज्याला मांडणी शिकायची आहे त्याला वायर हलवता यायला हवी, आणि तांब्याचा ट्रॅक बोटाने सरकत नाही. माझं मत, पहिला ॲम्प टॅग स्ट्रिपवर करावा, दुसरा टरेट बोर्डावर, आणि तोच तोच पुन्हा बांधायची वेळ आली की पीसीबीकडे वळावं.

बोर्डाचा विषय निघालाच आहे तर ह्या धाग्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती पुण्या-नाशकात एवढी जाणवत नाही, आपल्या किनाऱ्यावर जाणवते.

फेंडरचे जुने बोर्ड व्हल्कनाइज्ड फायबरचे, म्हणजे कागदापासून केलेले. त्यांची हुबेहूब नक्कल म्हणून आजही काळी फायबर पट्टी मिळते. दिसायला छान, पण पाणी शोषते. कोरड्या हवेत काही बिघडत नाही. जून ते सप्टेंबर मालवण-वेंगुर्ल्यात भिंतीला ओल आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे ती पट्टी कोरडी कशी राहील? आणि ओली पट्टी म्हणजे सगळ्या आयलेटना (पार्ट सोल्डर करायच्या कड्यांना) एकमेकांशी जोडणारा, कुठल्याच डायग्राममध्ये नसलेला रेझिस्टर.

हिशोब करा. २५० व्होल्टच्या आयलेटपासून ग्रिडच्या आयलेटपर्यंत पट्टीचा रेझिस्टन्स ५०० मेगओहम झाला. म्हणजे अर्धा मायक्रोअँपिअर गळती. ग्रिड १ मेगओहममधून ग्राउंडला असेल तर तिच्यावर अर्धा व्होल्ट डीसी चढतं. १२एएक्स७ चा बायस (ग्रिड आणि कॅथोडमधलं ठरलेलं डीसी व्होल्टेज) तिथे असतो दीडेक व्होल्ट. म्हणजे एक तृतीयांश बायस हवेतल्या ओलाव्याने खाल्ला. व्हॉल्यूम फिरवला की खरखर, मध्येच फडफड, आवाज कधी जाडा कधी पातळ. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर ५०० मेगओहम दिसतही नाहीत, म्हणून माणूस पार्ट बदलत बसतो आणि दोष सापडत नाही.

तपासायचं असं : काळा प्रोब ग्राउंडला क्लिपने लावा, ॲम्प चालू करून लाल प्रोबचं टोक पट्टीच्या रिकाम्या जागेवर, दोन आयलेटच्या मध्ये टेकवा. दुसरा हात पाठीमागे. चांगल्या बोर्डावर मीटर जवळपास शून्य दाखवतो. ओल्या फायबरवर व्होल्ट दिसतात, आणि प्लेटच्या आयलेटकडे जाल तसे वाढतात.

उपाय सोपा आहे. काचतंतूची इपॉक्सी शीट, जिला पीसीबीवाले एफआर४ म्हणतात, तिची तांब्याशिवायची ३ मिलिमीटर पट्टी घ्या आणि त्यावर टरेट बसवा. सॉकेट सिरॅमिकचे. कापडी वेष्टणाची वायर जुन्या दिसण्यासाठी वापरतात, पण कापडही ओल धरतं. इथे ६०० व्होल्टची पीव्हीसी किंवा टेफ्लॉन वायर बरी. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून काढा, कारण खारी हवा आणि फ्लक्सचा चिकटा मिळून पिनांमध्ये नवा रस्ता तयार होतो. ६व्ही६ ची पिन ४ म्हणजे स्क्रीन (उंच व्होल्टेजवरची दुसरी ग्रिड), पिन ५ म्हणजे ग्रिड, अगदी शेजारी शेजारी. तिथे गळती झाली की ग्रिड वर चढते, व्हॉल्व जास्त करंट ओढतो आणि तापतो.

पावसाळ्यात ॲम्प वापरात नसला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा. व्हॉल्वची उष्णताच ओल काढते. आपल्याकडे कपाटात बारीक बल्ब लावून ठेवतात ते ह्याच कारणाने.

जांभा (राजापूर)

मी इलेक्ट्रिकल कामं करतो, म्हणून घरच्या अर्थिंगबद्दल लिहितो. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळणं कठीण, त्यात एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की रेझिस्टन्स आणखी वाढतो. कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहावं लागतं. जुन्या घरांत तर दोन पिनांचेच सॉकेट आहेत. ॲम्पची चासी तिसऱ्या पिनेला जोडलेलीच पाहिजे, आणि ती पिन खरोखर जमिनीत गेलेली पाहिजे. हमिंग कमी होतं म्हणून अर्थ काढणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या ग्राउंडलाच जोडलेल्या असतात, म्हणजे चासीवर फेज आली तर ती थेट तुमच्या बोटांत.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की मेन तोडणारा स्विच) बसवून घ्या. पण तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा दोष पकडतो. सेकंडरीच्या ३५० व्होल्टला तुम्ही हात लावलात तर त्याला काहीच कळत नाही.

व्होल्टेजही बघत जा. रात्री २५० येत असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.८५ वर जातो, चालतं कसंबसं. १८० झालं तर ४.९. एवढ्यावर कॅथोड नीट तापत नाही. असं असताना हमिंगची मोजमापं घेऊ नका, आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत. आणि वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

घोटगो (कुडाळ)

माझ्या आज्यान घेतलेलो व्हॉल्वचो रेडिओ माळ्यार आसा. त्येचे ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व काडून गिटारीचो ॲम्प करूक येयत काय? कोणी सांगशात तर बरा होयत.

रेडिओकाका

घोटगो, व्हॉल्ववरचे नंबर आधी वाच. ई ने सुरू होत असतील, ईएल८४, ईसीसी८३ वगैरे, तर ते ६.३ व्होल्ट हीटरचे आणि आत बहुतेक पॉवर ट्रान्सफॉर्मर असणार. ईएल८४ २५० व्होल्टवर पाच-साडेपाच वॉट देतो आणि ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही आपल्या देशात ईएल८४ बनवले होते, ते आजही काही रेडिओत सापडतात.

यू ने सुरू होत असतील, यूएल८४, यूसीएच८१, तर थांब. त्या रेडिओत हीटर एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि चासी थेट मेनच्या एका वायरीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चासीवर २३० व्होल्ट. त्याला गिटार लावायची नाही म्हणजे नाही.

आणि ई वाला असला, चालू स्थितीत असला, तर तो रेडिओ म्हणूनच दुरुस्त करून ठेव असं मी सांगेन. आज्याची वस्तू आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तसाही लहान कोअरचा असतो, गिटारचे खालचे सूर त्यातून पातळ येतात. ॲम्पला नवा गुंडाळून घे.

घोटगो

यूसीएच८१ लिवलेला आसा. बरा झाला इचारलंय तां. रेडिओच दुरुस्त करून घेतंय.

सुरंगी (वेंगुर्ला)

मी चॅम्प बांधतेय, एफआर४ बोर्डावर. कॅबिनेट सावंतवाडीत करून घेतलं, फणसाच्या लाकडाचं, ते छान झालंय. पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की बारीक शिट्टी येते, आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही हमिंग आहे. आधी मला वाटलं निगेटिव्ह फीडबॅकची (स्पीकरकडचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देणारी) वायर उलटी लागली असेल.

खाडीकाठ

सुरंगी, ते तपासायला सोपं आहे. स्पीकरकडून येणारा २२ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर एका टोकाने सोडवा. आवाज वाढला आणि शिट्टी तशीच राहिली तर फीडबॅकची दिशा बरोबर आहे, दोष दुसरीकडे आहे. सोडवल्यावर आवाज कमी झाला किंवा शिट्टी थांबली तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या वायरी अदलाबदल करा.

सुरंगी

सोडवून पाहिलं. आवाज वाढला, शिट्टी तशीच. ६व्ही६ ची प्लेटची निळी वायर बोर्डाच्या पुढच्या बाजूने, पॉटच्या रांगेखालून जाते. दिसायला नीट दिसते म्हणून तशी बांधली होती.

खाडीकाठ

मग तीच. पॉटची मधली टॅग म्हणजे पिन ७, निळी वायर म्हणजे पिन ३, मध्ये दोन टप्पे. निळी वायर सॉकेटमधून निघाली की लगेच चासीच्या मागच्या कोपऱ्याला न्या आणि पत्र्याला टेकवून ट्रान्सफॉर्मरकडे वळवा. पॉटपासून पिन ७ पर्यंतची वायर शिल्डवाली घ्या, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. जॅककडून येणारा ६८ किलोओहमचा रेझिस्टर जॅकवर असेल तर काढून थेट पिन २ वर सोल्डर करा. व्हॉल्वचा शंभरेक पिकोफॅरड इनपुट कपॅसिटन्स आणि तो रेझिस्टर मिळून २० किलोहर्ट्झच्या आसपास वरचं कापतात, त्यामुळे मीडियम वेव्हची स्टेशनंही शिरत नाहीत.

चालू ॲम्पमध्ये वायर हलवून बघायची तर काडी प्लास्टिकची किंवा काचतंतूची घ्या. बांबूची काडी सगळीकडे सुचवतात, पण पावसाळ्यात आपल्याकडचा बांबू ओलसर असतो.

सुरंगी

शिट्टी गेली! व्हॉल्यूम पूर्ण केला तरी नाही. शिवाय आवाज मोकळा झालाय, आधी खरजाच्या तारा जोरात छेडल्या की काहीतरी थरथरल्यासारखं यायचं, तेही थांबलं. हमिंग मात्र आहे, आणि रेडिओकाकांनी सांगितल्याप्रमाणे ऐकलं तर वरच्या सप्तकातलं वाटतंय. १२एएक्स७ काढल्यावर बरंच कमी होतं.

रेडिओकाका

थरथर म्हणजे वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ॲम्प मधूनमधून आंदोलन करत होता. ती गेली हे उत्तम. आता १०० हर्ट्झ आणि १२एएक्स७ काढल्यावर कमी, म्हणजे ग्राउंडची वाट. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजचा सेंटर टॅप कुठे जोडलाय?

सुरंगी

बोर्डाच्या खालून एक जाड बस वायर काढली आहे, सगळी ग्राउंड तिलाच. सेंटर टॅप तिच्या इनपुट जॅककडच्या टोकाला, आणि चासीला तिथेच स्क्रू.

खाडीकाठ

जॅककडे चासीला जोडलंय ते बरोबर, ते तसंच ठेवा. फक्त सेंटर टॅप हलवायचा. रेक्टिफायर पहिल्या फिल्टर कपॅसिटरला सेकंदाला १०० वेळा तीव्र झटक्यांनी भरतो. त्या झटक्यांचा परतीचा करंट आत्ता तुमच्या पूर्ण बस वायरमधून, पहिल्या टप्प्याच्या ग्राउंडजवळून जातोय. वायर कितीही जाड असली तरी तिच्या दोन टोकांत थोडे मिलिव्होल्ट पडतातच, आणि गिटारचा सिग्नलही मिलिव्होल्टांतच असतो. सेंटर टॅप सोडवून थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह टोकावर सोल्डर करा, आणि तिथून एकच वायर बसच्या ६व्ही६ कडच्या टोकाला. तिथून पुढे बसवर क्रम असा : ६व्ही६ चं कॅथोड, दुसरा टप्पा, पहिला टप्पा, जॅक. ॲल्युमिनियमला लग (वायरीचं स्क्रूखाली बसणारं टोक) बसवताना कलाई केलेला लग आणि दातेरी वॉशर घ्या, नाहीतर खाऱ्या हवेत सांधा गंजून दोन वर्षांनी हेच हमिंग परत येईल.

हलवण्याआधीचे मिलिव्होल्ट लिहून ठेवलेत ना? व्हॉल्यूम शून्य आणि पूर्ण, दोन्ही. नंतरचे आकडेही इथे टाका.

सुरंगी

आधीचे लिहिलेत. आत्ता लाईट गेलीये, आली की करते आणि दोन्ही टाकते.